डोकेदुखीची गोळी मागण्याआधी: दुखणं ओळखायचं कसं

माझं मेडिकल सांगली-तासगाव रस्त्यावर आहे. सकाळी शटर वर करून उदबत्ती लावतो न लावतो तोच पहिलं गिऱ्हाईक उभं असतं, आणि बऱ्याचदा मागणी ठरलेली असते. "दादा, डोस्कं लय दुखाय लागलंय, एक चांगली गोळी द्या." कुठे दुखतंय, कधीपासून, ताप आहे का, याआधी काय घेतलं, यातलं कोणी काही सांगत नाही. २२ वर्षांपूर्वी दुकान टाकलं तेव्हा मीही विचारायचो नाही. स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या कात्रीने कापून हातावर ठेवायचो. आता विचारतो. रांग थांबली तरी विचारतो, कारण 'डोकं दुखणं' हे एका आजाराचं नाव नाही. पोट दुखतंय म्हटल्यावर आपण गॅस का अपेंडिक्स असा विचार करतो, डोक्याच्या बाबतीत मात्र तो करत नाही.

एक गोष्ट आधी समजून घ्या. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते त्याच्या भोवतीचं: मेंदूवरची आवरणं, रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू, चेहऱ्याच्या नसा, डोळे, दात, सायनस. म्हणून कारणं इतकी वेगवेगळी असतात, आणि म्हणूनच दहापैकी दहा जणांना एकच गोळी लागू पडत नाही. यातली बहुतेक दुखणी जिवावरची नसतात. मोजकी असतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

पहिली पायरी: आज, आत्ता दवाखाना गाठायचा का?

पुढच्यापैकी काहीही असेल तर गोळी घेऊन वाट बघू नका.

दुखणं अचानक आलं आणि मिनिटभरात शिगेला पोचलं, डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं, आयुष्यात कधी झालं नव्हतं इतकं. मेंदूभोवती रक्तस्राव झाला की असं होतं. थेट १०८ ला फोन करा. डोकेदुखीसोबत तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय उचलेना, एकाचे दोन दिसू लागले, फिट आली किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तरी हेच. ताप आणि मान ताठ, म्हणजे हनुवटी छातीला लावता येत नाही, अशा वेळी मेंदूज्वराची शंका असते आणि त्यात तास मोजावे लागतात.

डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं तर आपल्याकडे फारच हलक्यात घेतलं जातं. आजोबा न्हाणीघरात घसरतात, टेंगूळ येतं, उतरतं, सगळे विसरतात. दोन-तीन आठवड्यांनी त्यांचं डोकं दुखू लागतं, चालताना झोक जातो, बोलण्यात विसंगती येते, आणि घरचे म्हणतात वय झालं. वयस्कर माणसांत कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जाऊ शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी जास्त. पडल्याची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी तपासून घ्यावीच. त्यात कानशील दाबल्यावर दुखत असेल, केस विंचरताना कवटी हुळहुळत असेल, भाकरी चावताना जबडा भरून येत असेल तर कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. ईएसआर ही साधी रक्ततपासणी दिशा दाखवते. उशीर झाला तर डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी दाखवा.

गरोदरपणात विसावा आठवडा उलटल्यावर डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा अंधारी येत असेल, पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल तर बीपी लगेच मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर रात्रीचे बारा वाजले असले तरी दवाखान्यात जा. बाळंतपणानंतरचे काही आठवडेही हे लागू आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती कृपा करून सोडा. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती आधीच वाढलेली असते, त्यात शरीरातलं पाणी कमी पडलं की मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. वाढत जाणारी डोकेदुखी हे तिचं पहिलं लक्षण असू शकतं.

आणखी दोन खुणा. एक डोळा लाल, दगडासारखा कडक, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या, हे काचबिंदूचा झटका आल्याचं लक्षण आहे आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं तातडीचं काम आहे. आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं, जे खोकताना, वाकताना किंवा आडवं पडल्यावर वाढतं आणि पहाटे उलटीसह जाग आणतं, त्याला तपासणी लागते. आपल्याकडे सुदैवाने त्यासाठी लांब जावं लागत नाही. सांगलीचं सिव्हिल आहे, १९६२ साली सुरू झालेलं मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्नाटकातून लोक मिरजेला येतात, आपण तर शेजारचे.

यातलं काही नसेल तर घाई नाही. पुढे वाचा.

दुसरी पायरी: कालनिर्णयावर खुणा करा

वेगळी वही करायला सांगितली की कोणी करत नाही, हा माझा अनुभव. दुधाचे रतीब आणि सिलिंडरची तारीख जिथे लिहिता, त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डोकं दुखलं त्या चौकटीत चार गोष्टी: किती वाजता सुरू झालं, किती तास टिकलं, कुठे दुखलं, आणि कोणती गोळी किती घेतली. बायकांनी पाळीच्या तारखेला टिंब द्यावं. एकादशी आणि संकष्टी त्यावर छापलेल्याच असतात, आणि दोन महिन्यांनी बघाल तर उपवासाच्या चौकटी आणि डोकेदुखीच्या चौकटी कशा जुळतात ते आपोआप दिसेल.

यात मी एक प्रश्न आणखी घालतो, कारण त्याने निम्मं निदान होतं: दुखताना तुम्ही काय करता? अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहता, काम रेटत राहता, की येरझाऱ्या घालता?

तिसरी पायरी: दुखण्याला नाव द्या

निपचित पडून राहावंसं वाटतं ते बहुधा मायग्रेन, आपली जुनी अर्धशिशी. नाव अर्धशिशी असलं तरी ती दर वेळी अर्ध्याच डोक्यात असते असं नाही. दोन्ही बाजूंनाही होते. ओळखायच्या खुणा अशा: ठणका नाडीच्या ठोक्यासारखा, जिना चढला की वाढणारा, मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज नकोसा. कुकरची शिट्टी कानात घुसते, शेजारच्या फोडणीचा वास सोसवत नाही. औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास चालते. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या साधारण तिप्पट आहे, आणि पाळीच्या आधीचे दोन दिवस ते पाळीचे पहिले तीन दिवस, जेव्हा इस्ट्रोजेन उतरतं, तेव्हा झटका हमखास येणाऱ्या कितीतरी जणी आहेत.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "मला मायग्रेन नाही हो, माझं पित्त आहे. पित्त पडलं की डोकं उतरतं." हे वाक्य मी हजारो वेळा ऐकलं असेल. त्या माणसाचा अनुभव खोटा नाही, उलटीनंतर काहींना खरंच हलकं वाटतं. पण क्रम उलटा आहे. मायग्रेनच्या झटक्यात चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची वेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस उत्तेजित होते, तिच्या टोकांतून वेदना वाढवणारी द्रव्यं सुटतात, आणि त्याच गोंधळात जठराचं काम मंदावतं. म्हणून मळमळतं, म्हणून आंबट उलटी होते. पोटामुळे डोकं दुखत नाही. एकाच झटक्याची ती दोन टोकं आहेत. 'पित्ताची' डोकेदुखी समजून वर्षानुवर्षं फक्त ॲसिडिटीची कॅप्सूल आणि कोकम सरबत घेत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, ज्यांना योग्य औषधाने दोन महिन्यांत फरक पडला असता.

मायग्रेन दुखण्याच्या आधीच चाहूल देतो. आदल्या दिवशीपासून जांभया, चिडचिड, मान आखडणं, गोड खायची तीव्र इच्छा. काहींना दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा किंवा मधेच काळा ठिपका दिसतो, बोटांपासून गालापर्यंत मुंग्या चढत जातात. ही पूर्वसूचना ५ ते ६० मिनिटं टिकते आणि हळूहळू पसरते. पक्षाघातात मात्र सगळं एकदम होतं. तरीही असं पहिल्यांदा झालं तर स्वतः निकाल लावू नका, डॉक्टरांकडे जा. आणि अशी पूर्वसूचना येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. दोन्ही एकत्र आले की पक्षाघाताचा धोका वाढतो, तंबाखू-सिगारेट असेल तर आणखीच.

झटका कशाने उठतो हे माणसागणिक वेगळं. आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणारी कारणं म्हणजे चुकलेलं जेवण, कमी किंवा अवेळी झोप, आणि ऊन. नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास, कारखान्याच्या गळीत हंगामातली रात्रपाळी, एप्रिलमध्ये डोक्यावर काही न घेता जतपर्यंत मोटरसायकल, मिरवणुकीतला डॉल्बी. ताण उतरल्यावरही झटका येतो हे अनेकांना विचित्र वाटतं. आठवडाभर ठीक आणि रविवारी दुपारी डोकं धरून बसलेले कितीतरी शिक्षक मला माहीत आहेत. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. पण निर्जळी करू नका, सकाळचा चहा चुकवू नका, आणि तीन-चार तासांनी शेंगदाणे, ताक, फळ असं काहीतरी पोटात जाऊ द्या.

काम रेटता येतं, पण डोक्याला घट्ट पट्टा बांधल्यासारखं दोन्ही बाजूंनी आवळून येतं, ती ताणाची डोकेदुखी. सगळ्यात जास्त लोकांना होते ती हीच. उलटी नाही, चालल्याने वाढत नाही, अर्ध्या तासापासून अगदी आठवडाभरही राहते. दिवसभर मान खाली घालून शिलाई, मोबाइल, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, कमी झोप, डोक्यात घरच्या कर्जाचा विचार. 'ताणाची' म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. मान आणि खांद्याचे स्नायू दाबून बघा, खरोखर दुखतात. तासाला एकदा उठून मान-खांदे फिरवणं, रोज अर्धा तास भराभर चालणं आणि वेळेवर झोप याने जे होतं ते बामाने होत नाही. बाम लावायला माझी हरकत नाही, बरं वाटतं. सुंठ उगाळून लावली तरी चालेल, डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा.

येरझाऱ्या घालायला लावणारी डोकेदुखी दुर्मीळ, पण भयंकर. तिला क्लस्टर म्हणतात. एका डोळ्याच्या मागे सळई खुपसल्यासारखं, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन गळतो, नाकपुडी वाहते किंवा चोंदते, पापणी उतरते. १५ मिनिटं ते ३ तास चालते, बहुतेकदा रात्री ठरलेल्या वेळी उठवते, काही आठवडे रोज येते आणि मग महिनोन्महिने गायब. पुरुषांमध्ये जास्त. साध्या गोळीचा असर होईपर्यंत झटका संपलेला असतो. इथे मास्कने दिलेला ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन उपयोगी पडतं. हे वर्णन जुळत असेल तर थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. दात किंवा सायनस समजून या लोकांची वर्षं वाया जातात.

सायनसचं म्हणाल तर, खरी सायनसची डोकेदुखी सर्दी पिकल्यावर होते: घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं, गालाच्या हाडावर दाबलं की दुखणं. यातलं काही नसताना महिन्याला दोनदा उठणारा 'सायनस' बहुधा मायग्रेन असतो, कारण मायग्रेनमध्येही नाक चोंदतं आणि कपाळ भरून येतं. चष्म्याचा नंबर वाढल्याने दुखतं ते हलकं, वाचून झाल्यावरचं. उलट्या करवणारं नसतं. आणि बीपी? थोडंफार वाढलेलं बीपी डोकं दुखवत नाही, ते गुपचूप राहतं. म्हणून डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक आहे असं समजून गोळी बंद करू नका. १८०/१२० च्या वर गेलं आणि डोकं दुखतंय, तर मात्र लगेच दवाखाना.

द्राक्षबागायतदारांनी हे वाचाच

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचे लोक माझ्याकडे फवारणीच्या दिवसांत डोकं धरून येतात. काही कीटकनाशकं त्वचेतून आणि श्वासातून अंगात भिनतात. डोकेदुखीसोबत घाम, तोंडाला सुटलेली लाळ, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणं, जुलाब, हातापायांत थरथर असेल तर ती विषबाधा आहे. बागेतून बाहेर या, कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन दवाखान्यात जा. लेबलवरच्या नावावरून डॉक्टर उतारा ठरवतात.

ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंगला, म्हणजे काडीला लेप लावायला, हायड्रोजन सायनामाइड वापरतात. त्या दिवसांत दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, डोकं फुटायला येतं, छाती धडधडते, कारण ते रसायन शरीरातली दारू पचवायची वाटच अडवतं. पेस्टिंगच्या आधी नको आणि नंतरही काही दिवस नको. मजुरांनाही सांगा, त्यांना कोणी सांगत नाही.

दुसरी घरातली गोष्ट: बंद बाथरूममधला गॅस गीझर, किंवा थंडीत खोलीत ठेवलेली शेगडी. घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखतंय, गरगरतंय, आणि बाहेर आल्यावर उतरतंय, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. या वायूला वास नसतो. सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, गॅस बंद करा, दवाखान्यात जा.

चौथी पायरी: गोळ्या मोजा

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी वर्षानुवर्षं अर्गोटामिन आणि कॅफिन असलेली मिश्र गोळी देत होतो. कोणे एके काळी डॉक्टरांनी लिहून दिली होती, तीच चिठ्ठी चालू होती. आधी महिन्याला चार, मग आठवड्याला चार, मग रोज एक, शेवटी सकाळ-संध्याकाळ. त्यांचं डोकं रोज दुखायचं म्हणून त्या गोळी घ्यायच्या, आणि गोळी घ्यायच्या म्हणून रोज दुखायचं. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. ती चूक माझी होती, आणि हा लेख लिहायला बसलो त्याचं खरं कारणही तेच.

हिशेब लक्षात ठेवा. साधी वेदनाशामकं, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे, महिन्यात १५ किंवा जास्त दिवस. आणि मिश्र गोळ्या, अर्गोटामिन, ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका थांबवायची खास औषधं) किंवा ट्रामाडॉलसारख्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की औषधामुळेच डोकेदुखी जडते. म्हणून आठवड्याला दोन दिवसांची मर्यादा मी सगळ्यांना सांगतो. ती ओलांडायची वेळ आली म्हणजे जास्त गोळ्यांची नव्हे, वेगळ्या उपचाराची गरज आहे. सवय सोडताना पहिले काही दिवस दुखणं वाढतं, ते माहीत नसल्यामुळे लोक परत गोळीकडे वळतात. काकूंना त्या दिवसांत डॉक्टरांनी दुसरं औषध देऊन सांभाळलं. आता महिन्याला त्यांच्या कालनिर्णयावर तीन-चार खुणा असतात.

चहाचंही असंच. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याने एकदम सोडला तर १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं आणि आठवड्यात थांबतं. सोडायचा तर अर्ध्या अर्ध्या कपाने सोडा.

पाचवी पायरी: झटका आल्यावरचा पहिला तास

मायग्रेनची गोळी सुरुवातीलाच घ्या. "बघू, उतरतंय का" म्हणत तीन तास काढले की जठर मंदावतं आणि गोळी पोटात नुसती पडून राहते. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान चार-सहा तासांचं अंतर; यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून बेरीज करा. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन काहीतरी खाऊन घ्या. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, गरोदरपण, रक्त पातळ करायची गोळी यांत नको. डेंग्यूच्या दिवसांत डोळ्यांमागे दुखतंय आणि ताप आहे, तर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्राव होऊ शकतो. मुलांना ॲस्पिरिन देऊच नका. उलटी होत असेल तर उलटीचं औषध सोबत लागतं, ते आणि ट्रिप्टान चिठ्ठीवरच. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना ट्रिप्टान चालत नाही. मग पाणी, अंधार, कपाळावर गार फडकं आणि झोप. फडकं घट्ट बांधून बरं वाटत असेल तर बांधा, आजी सांगायची ते काही चुकीचं नव्हतं.

शाळकरी मुलांचा मायग्रेन मोठ्यांपेक्षा वेगळा दिसतो: कपाळावर दोन्ही बाजूंना, दोन तासांतही संपणारा, कधी पोटदुखीसह. शाळा बुडवायचं निमित्त म्हणण्याआधी त्याने सकाळी काही खाल्लं होतं का ते विचारा. मूल चालताना झुकत असेल, डोळा तिरळा होत असेल, पहाटे उठून उलट्या करत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना

महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं कामातून उठवत असेल तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात: प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. ती वेदनाशामकं नाहीत, त्यांचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, मूल होऊ द्यायचा विचार असेल तर टोपिरामेट नको, म्हणून दोन्ही गोष्टी आधी सांगा. एमआरआयचा हट्ट धरू नका. वर्णन मायग्रेनशी जुळतंय, तपासणीत काही सापडलं नाही आणि पहिल्या पायरीतली एकही खूण नाही, तर त्याची गरज सहसा नसते.

कॅलेंडरची दोन महिन्यांची पानं सोबत न्या. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घाला, नाव अर्धं फाटलं असलं तरी घाला. ते वाचता येत नसेल तर ज्या मेडिकलमधून घेतल्या तिथे जाऊन नावं कागदावर उतरवून मागा.